पुण्याच्या पेठेत वन आरके घेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सदाशिव, नारायण, शनिवार, कसबा आणि बुधवार या पेठांमध्ये दोनशे-तीनशे चौरस फुटांचे घर घेऊ पाहणाऱ्यांसाठी ही माहिती आहे. मी स्वतः असे एक घर घेतले आहे आणि त्यानंतर नात्यातल्या व ओळखीतल्या काही मंडळींच्या खरेदीत कागद वाचून देण्याचे काम केले आहे. त्या वेळी पुन्हा पुन्हा समोर आलेले प्रश्न येथे घेतले आहेत. दर, कर आणि नियम यांत वेळोवेळी बदल होत असल्याने प्रत्यक्ष व्यवहारापूर्वी ते वकिलाकडून ताडून घ्यावेत.

पेठेत ‘स्टुडिओ अपार्टमेंट’ म्हणून जे विकले जाते, ते नेमके काय असते?

बहुतेक वेळा ते आपले जुने वन आरकेच असते, म्हणजे एक खोली, एक स्वयंपाकघर आणि न्हाणीघर-संडास. हिंजवडीच्या किंवा खराडीच्या बाजूला स्वयंपाकाचा ओटा खोलीतच असलेले, एका सलग जागेचे स्टुडिओ बांधले जातात. पेठेत मात्र ओट्याला स्वतंत्र भिंत असण्याचाच प्रघात आहे. जाहिरातीत ‘स्टुडिओ’ हा शब्द दिसला, तर मंजूर नकाशात त्या सदनिकेचे कोणते भाग दाखवले आहेत ते पाहावे. नकाशात एकच मोठी सदनिका असून मध्ये भिंत घालून तिचे दोन ‘स्टुडिओ’ केलेले असतील, तर महापालिकेच्या दृष्टीने तेथे दोन घरे नाहीतच. अशा जागेला कर्ज मिळणे कठीण जाते आणि पुढे विकतानाही तीच अडचण येते.

ही घरे एवढी लहान का असतात?

याचे उत्तर वाड्यांच्या इतिहासात आहे आणि पुढचे बरेच प्रश्न त्यातूनच निघतात, म्हणून ते थोडे विस्ताराने देतो.

पेठेतल्या वाड्यांत मालकाचे कुटुंब एका भागात आणि चौकाभोवतीच्या खोल्यांत, माडीवर, कधी जिन्याखालीसुद्धा भाडेकरू राहत. भाडेकरूची जागा चौरस फुटांत मोजली जात नसे. ती ‘दोन खण’, ‘चार खण’ अशी सांगितली जाई. खण म्हणजे दोन तुळयांमधला भाग. भाडे नियंत्रण कायद्यामुळे भाडी गोठलेली राहिली, दुरुस्तीचा खर्च मालकाला परवडेना आणि वाडे खचत गेले. पुढे विकसक आला की मालक, विकसक आणि भाडेकरू असा तिघांचा हिशेब होई. मालकाला काही सदनिका व काही रक्कम, विकसकाला विक्रीसाठी उरलेले बांधकाम, आणि चार खणांच्या भाडेकरूला नव्या इमारतीत एक वन आरके, साधारणपणे पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर व मागच्या बाजूला, असे त्याचे स्वरूप असे.

आज पेठेत विक्रीला येणारी लहान घरे पुष्कळदा अशा भाडेकरूंना मिळालेली, त्यांच्या मुलांनी किंवा नातवंडांनी विकायला काढलेली असतात. म्हणून येथे घर बघताना खोली पाहून भागत नाही. ती ज्या वाड्याच्या जागी उभी आहे, त्या वाड्याचे कागद वाचल्याशिवाय खोलीचे काहीही कळत नाही.

‘तीनशे फूट’ म्हटले जाते, ते प्रत्यक्षात किती?

टेप घेऊन जावे, एवढेच याचे प्रामाणिक उत्तर आहे. मी पाहिलेले दुसरेच घर मध्यस्थाने ‘तीनशे फुटांचे’ म्हणून दाखवले होते. मोजले तेव्हा खोली चौदा बाय दहा, स्वयंपाकघर आठ बाय सहा आणि न्हाणीघर-संडास मिळून सहा बाय चार भरले. बेरीज २१२ चौरस फूट झाली. उरलेले अठ्ठ्याऐंशी फूट कोठे गेले, असे विचारल्यावर त्यांनी जिन्याकडे हात केला आणि ‘सगळीकडे असेच धरतात’ असे शांतपणे सांगितले.

कायद्याच्या भाषेत चटई क्षेत्र म्हणजे बाहेरच्या भिंती, सेवा-नलिका आणि स्वतंत्र वापराची बाल्कनी किंवा गच्ची वगळून उरणारे, पण आतल्या भिंतींची जाडी धरून मोजलेले वापरायोग्य क्षेत्र. करारनाम्यात हेच क्षेत्र, चौरस मीटरमध्ये, लिहून घ्यावे. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. दराची तुलनासुद्धा चटई क्षेत्रावरच करावी, कारण लहान घरात जिना-पॅसेजचा वाटा चढवून सांगितलेला दर प्रत्यक्षात फारच वेगळा निघतो. पोटमाळा उपयोगाचा असतो हे खरे, पण तो क्षेत्रफळात धरून त्याचे पैसे मागितले जात असतील तर देऊ नयेत.

मालकी तपासण्यासाठी कोणते कागद पाहावेत?

सुरुवात नगर भूमापन कार्यालयाच्या मालमत्ता पत्रकापासून करावी; गावाकडे जसा सातबारा, तसे शहरात हे पत्रक. त्यावर जागेचा सिटी सर्व्हे क्रमांक, क्षेत्र, धारकांची नावे आणि वेळोवेळी झालेल्या फेरफारांच्या नोंदी असतात. नंतर मूळ मालकांनी विकसकाला दिलेला विकसन करारनामा व कुलमुखत्यारपत्र, महापालिकेने मंजूर केलेला नकाशा, बांधकाम परवानगी, भोगवटा पत्र (इमारत राहण्यायोग्य पूर्ण झाल्याचा महापालिकेचा दाखला), आणि त्या सदनिकेचे पहिल्या खरेदीपासून आजवरचे सर्व नोंदणीकृत दस्त त्यांच्या सूची क्रमांक दोनसह (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा) मागावेत. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा आणि वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्यावी. नोटिशीचा खर्च वाचवण्यात अर्थ नाही.

वाड्याच्या जमिनीत नेहमी सापडणारी अडचण वारसांची असते. वाडा आजोबांच्या नावावर, त्यांच्या पश्चात चार मुलगे व तीन मुली, त्यांतली एक इंदूरला, एक परदेशात. आणि विकसन करारनाम्यावर सह्या फक्त चौघा भावांच्या. हिंदू उत्तराधिकार कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून झालेल्या दुरुस्तीने मुलीला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि वडील त्या तारखेला हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्रीव्यवहार यांना मात्र त्या दुरुस्तीने धक्का लागत नाही. तेव्हा प्रत्येक बहिणीचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र आहे का, की ती स्वतः करारात सामील आहे, हे नावे घेऊन मोजावे. ‘आत्याची काही हरकत नव्हती’ हे वाक्य पेठेत फार ऐकू येते. हरकत नव्हती, तर सही का नाही, असे विचारावे.

मूळ भाडेकरूला मिळालेले घर घेताना वेगळे काय तपासायचे?

त्या भाडेकरूला नव्या इमारतीत घर कोणत्या हक्काने मिळाले, हे पाहायचे. काही ठिकाणी मालक, विकसक आणि भाडेकरू यांच्यात त्रिपक्षीय नोंदणीकृत करार होऊन भाडेकरूला पूर्ण मालकी दिलेली असते. असे घर निर्धास्तपणे घेता येते. काही ठिकाणी मात्र करारात ‘पर्यायी जागा’ एवढेच म्हटलेले असते आणि भाडेकरूचे नाते तसेच चालू ठेवलेले असते. तेथे विकणाऱ्याकडे विकण्यासारखी मालकीच नसते. तिसरा आणि सर्वांत त्रासदायक प्रकार म्हणजे शंभर रुपयांच्या मुद्रांकावर केलेला, नोटरीने शिक्का मारलेला, नोंदणी न झालेला करार.

आणखी एक गोष्ट. मूळ भाडेकरू वारला असेल आणि त्याचा एकच मुलगा घर विकत असेल, तर वर सांगितलेला वारसांचा प्रश्न येथेही तसाच लागू होतो. नामनिर्देशनात त्याचे एकट्याचे नाव असले तरी नामनिर्देशित व्यक्ती आपोआप मालक होत नाही. बाकीच्या वारसांची संमती लागतेच.

इमारतीची महारेराकडे नोंदणी नाही. याचा अर्थ काही गडबड आहे का?

महारेरा म्हणजे स्थावर संपदा कायद्याखालचे राज्याचे नियामक प्राधिकरण. तेथे नोंदणी नाही, तेवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नाही, किंवा ज्यात आठपेक्षा जास्त सदनिका नाहीत, त्याला नोंदणीची सक्ती नाही. पेठेतले भूखंड चिंचोळे आणि लहान असल्याने अनेक इमारती या मर्यादेखाली बसतात. शिवाय स्थावर संपदा कायद्याची नोंदणी १ मे २०१७ पासून सुरू झाली. त्याआधी पूर्ण होऊन दाखला मिळालेल्या इमारतींचा प्रश्नच येत नाही.

मात्र याचा व्यावहारिक परिणाम समजून घ्यावा. नोंदणीकृत प्रकल्पात मंजूर नकाशे, ताब्याची तारीख आणि विकसकाचे इतर खटले संकेतस्थळावर पाहता येतात, तसे येथे काहीच आयते मिळत नाही. बांधकाम चालू असलेल्या अशा लहान इमारतीत घर घेत असाल, तर १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्याचा आधार असतो. त्यानुसार किमतीच्या वीस टक्क्यांहून अधिक रक्कम विकसकाला नोंदणीकृत करारनाम्याआधी घेता येत नाही. महारेराच्या प्रकल्पात हीच मर्यादा दहा टक्के आहे. माझे मत विचाराल, तर पेठेतल्या नोंदणी नसलेल्या, अर्धवट बांधलेल्या इमारतीत पैसे गुंतवण्यापेक्षा भोगवटा पत्र मिळालेले जुने घर बरे.

सोसायटी आणि अपार्टमेंट यांत लहान घराच्या मालकाला काय फरक पडतो?

बराच पडतो, आणि तरी खरेदीच्या वेळी हा प्रश्न जवळजवळ कोणी विचारत नाही. पुण्यात, विशेषतः लहान इमारतींत, सहकारी सोसायटी न करता १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली घोषणापत्र नोंदवण्याची पद्धत बरीच रुळलेली आहे. अशा इमारतीत भागधारकाचा दाखला नसतो. प्रत्येकाच्या नावे अपार्टमेंटचा दस्त असतो आणि जमीन व सामाईक भागांत अविभक्त हिस्सा टक्केवारीत लिहिलेला असतो.

आता खर्चाचे पाहू. अपार्टमेंटमध्ये सामाईक खर्च त्या अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणात वाटायचा असतो, त्यामुळे लहान घराला कमी आकार येतो. सोसायटीत मात्र आदर्श उपविधींनुसार सेवाशुल्क, म्हणजे जिन्यातला दिवा, झाडलोट, वॉचमन यांचा खर्च, प्रत्येक सदनिकेला समान असतो. दोनशे फुटांच्या घराला तीन बेडरूमच्या घराइतकेच सेवाशुल्क येते आणि त्यावरून सभेत वाद घालून उपयोग होत नाही.

पुनर्विकासाच्या वेळी हा अविभक्त हिस्साच आपले नाणे असतो. घोषणापत्राची प्रत काढून आपल्या सदनिकेपुढे किती टक्के लिहिले आहेत आणि सर्वांची बेरीज शंभर होते का, हे पाहावे. मी वाचलेल्या एका घोषणापत्रात तळमजल्यावरच्या दुकानांना भरभक्कम हिस्सा दिलेला होता आणि मागच्या चार वन आरके घरांच्या वाट्याला मिळून दुकानदारांच्या निम्माही आलेला नव्हता. तेथे राहणाऱ्यांना हे वीस वर्षांनी कळले. सोसायटी असेल, तर जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे तिची मालकी सोसायटीच्या नावे करून देणे, झाले आहे का ते विचारावे. झाले नसेल आणि मालक दाद देत नसतील, तर मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे मालकाच्या सहीशिवाय सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने ते करून घेण्याचा, मार्ग आहे. पण तो वेळखाऊ आहे हे धरून किंमत बोलावी.

शनिवारवाड्याजवळचे घर घ्यावे का?

राहण्यासाठी घ्यायला हरकत नाही. पुनर्विकासाच्या आशेने घेत असाल, तर आधी अंतर मोजावे.

शनिवारवाड्याचे बांधकाम १७३० मध्ये सुरू झाले. आज ते केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून शंभर मीटरपर्यंतचा भाग प्रतिबंधित आहे, म्हणजे तेथे नवे बांधकाम करता येत नाही. त्यापुढचा दोनशे मीटरचा भाग विनियमित असून तेथे बांधकामासाठी सक्षम प्राधिकरणाची परवानगी लागते. शंभर मीटरच्या आतल्या जुन्या इमारतीची दुरुस्तीसुद्धा परवानगी घेऊनच करावी लागते. शनिवार आणि कसबा पेठेतले कितीतरी वाडे आणि जुन्या इमारती याच कारणाने जशाच्या तशा उभ्या आहेत. पाडून बांधता येत नाही, आणि डागडुजीत पैसा घालण्याचा उत्साह ना मालकाला ना भाडेकरूला.

या पट्ट्यात घर तुलनेने स्वस्तात मिळत असेल, तर ते का स्वस्त आहे हे एवढे उघड आहे. ‘कायदा बदलणार आहे’ असे विकणारा सांगेल. तो बदलेल तेव्हा बदलेल. किंमत आजच्या कायद्यावर ठरवावी. याखेरीज महापालिकेच्या वारसा यादीत श्रेणी दिलेल्या वास्तू पेठांत आहेत. आपली इमारत किंवा शेजारचा वाडा त्या यादीत असल्यास बदलांना वारसा समितीची संमती लागू शकते, म्हणून यादी पाहून घ्यावी.

नदीकाठच्या पेठेत पुराची भीती कितपत धरावी?

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि मुठेचे पाणी नारायण, शनिवार, कसबा या पेठांच्या गल्ल्यांत शिरले. पाणी भिंतीवर कुठवर आले होते, हे काही जुनी घराणी आजही हात उंचावून दाखवतात. पेठेतल्या कित्येक इमारती त्या पुरात पडलेल्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिल्या आहेत.

खडकवासल्यातून विसर्ग वाढला की पहिली बातमी भिडे पूल पाण्याखाली गेल्याची येते. तो पूल नारायण पेठेला डेक्कनशी जोडतो, यावरून नदी किती जवळ आहे ते लक्षात यावे. पाटबंधारे खात्याने आखलेल्या दोन रेषा असतात. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची. आपला सिटी सर्व्हे क्रमांक या रेषांच्या कोणत्या बाजूला आहे ते विचारावे, कारण बांधकामावरची बंधने त्यावर ठरतात. तळमजल्याचे घर असेल, तर पावसाळ्यात गटाराचे पाणी उलटे येते का, हे शेजाऱ्यांना विचारावे. आणि ते शक्यतो विकणारा बरोबर नसताना.

रस्तारुंदीचा काय संबंध?

पेठेतल्या बोळांवर विकास आराखड्यात रुंदीकरणाच्या रेषा आखलेल्या असतात. इमारतीचा पुढचा भाग त्या रेषेत येत असेल, तर पुनर्विकासाच्या वेळी तेवढी जागा सोडावी लागते. शिवाय किती बांधकाम करता येईल, हेही समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असते. महापालिकेतून झोन दाखला आणि आखणीचा नकाशा काढून घ्यावा.

किमतीशिवाय एकूण किती खर्च येतो?

समजा, ४२ लाखांना जुने घर ठरले. पुण्यात सध्या मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था कर आणि मेट्रो उपकर मिळून सात टक्के होतात, म्हणजे २ लाख ९४ हजार रुपये. नोंदणी फी एक टक्का, पण कमाल ३० हजार. ती येथे पूर्ण लागेल. दोन्ही मिळून ३ लाख २४ हजार होतात. खरेदीदार फक्त महिला असेल, तर शुल्कात एक टक्का सवलत आहे, म्हणजे ४२ हजार वाचतात. पती-पत्नी दोघांचीही नावे घातली तर ती मिळत नाही. शुल्क करारातली किंमत आणि सरकारच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यानुसार (रेडी रेकनर) निघणारी किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर लागते.

भोगवटा पत्र मिळालेल्या घरावर जीएसटी नाही. बांधकाम चालू असलेल्या घरावर तो पाच टक्के आहे. मात्र पुण्यासारख्या शहरात चटई क्षेत्र ९० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत असेल, तर एक टक्का. वन आरकेच्या बाबतीत क्षेत्राची अट सहज पुरी होते, किमतीची होईलच असे नाही. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल, तर खरेदीदाराने एक टक्का कर कापून भरायचा असतो. मध्यस्थाचे शुल्क, वकील, शोध, नोटीस आणि सोसायटीचे हस्तांतरण शुल्क वेगळे. हस्तांतरण शुल्काची कमाल मर्यादा २५ हजार आहे. ‘देणगी’च्या नावाखाली अधिक मागितल्यास लेखी मागणी मागावी, ती सहसा येत नाही.

एवढ्या लहान घराला कर्ज मिळते का?

मिळते, पण सगळीकडे नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या कमाल ९० टक्के, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत कमाल ८० टक्के देता येतात. वरच्या उदाहरणात ८० टक्क्यांनी ३३ लाख ६० हजार निघतात. म्हणजे पदरचे ८ लाख ४० हजार, अधिक वरचा ३ लाख २४ हजारांचा खर्च, असे ११ लाख ६४ हजार हाताशी हवेत. मुद्रांक व नोंदणीचा खर्च बँक किमतीत धरत नाही.

काही बँका अगदी लहान चटई क्षेत्राला किंवा जुन्या इमारतीला नकार देतात, काही मुदत कमी करतात. इमारतीचे वय आणि कर्जाची मुदत यांची बेरीज त्या पाहतात. यासाठी इसार देण्यापूर्वीच बँकेच्या वकिलाकडे कागद दाखवावेत, आणि इसारपावतीत ‘कर्ज नामंजूर झाल्यास इसार परत’ हे वाक्य स्वच्छ लिहून घ्यावे. एका परिचितांनी ते भिडेखातर लिहून घेतले नाही. एक लाख रुपये सुटायला अकरा महिने लागले.

गाडी कुठे लावायची?

दुचाकीला जागा मिळाली तरी नशीब समजावे. चारचाकी असेल, तर रस्त्यावर सम-विषम तारखांप्रमाणे बाजू बदलत राहावे लागेल किंवा पैसे देऊन दुसरीकडे सोय करावी लागेल. मंडई आणि कसबा पेठ ही भुयारी मेट्रो स्थानके सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून गाडीशिवाय राहणे सोपे झाले आहे. विकणारा ‘पार्किंग मिळेल’ म्हणाला, तर ते करारात कोणत्या शब्दांत येईल, ते विचारावे.

गणेशोत्सवात खरेच राहवते का?

ज्यांना आवडते त्यांना दहा दिवस कमी पडतात, ज्यांना नाही त्यांनी लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता आणि केळकर रस्ता यांच्यालगतचे घर घेऊ नये. विसर्जनाच्या दिवशी मिरवणूक मंडईतून निघून लक्ष्मी रस्त्याने अलका चौकाकडे जाते आणि दुसऱ्या दिवशीही चालूच असते. त्या काळात घरात रुग्ण असेल, तर रुग्णवाहिका कोठवर येऊ शकेल, याचा विचार आधीच करून ठेवावा लागतो. मुख्य रस्त्यापासून दोन बोळ आत गेले, की आवाज बराच उतरतो. हा फरक घर बघायला दुपारी चार वाजता जाणाऱ्याला कळत नाही. सामान हलवण्याचा मुहूर्त भाद्रपदात धरू नये, टेम्पोच आत येणार नाही.

भाड्याने देण्यासाठी घेणे योग्य आहे का?

सदाशिव आणि नारायण पेठेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी, अभ्यासिका आणि खानावळी यांची दाटी आहे, त्यामुळे वन आरके रिकामे राहत नाही. अनेक मालक ते कॉट बेसिसवर, म्हणजे दर कॉटमागे भाडे घेऊन, देतात. दोनशे फुटांत चार कॉट घातल्या की उत्पन्न वाढते, पण संडास एकच असतो, पाण्याचा वापर चौपट होतो आणि खालच्या घरात गळती सुरू होते. शेजाऱ्यांच्या तक्रारी मालकाकडे येतात, विद्यार्थ्यांकडे नाही. दोघांपेक्षा जास्त जणांना देऊ नये, असे माझे मत आहे; त्या पोरांनाही मान वर करून अभ्यास करायला जागा हवी.

लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. पोलिसांना माहिती देणेही आवश्यक आहे. मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, पण ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे. स्वतः राहणाऱ्याला महापालिकेच्या मिळकतकरात ४० टक्के सवलत असते, भाड्याने दिल्यावर ती जाते. उत्पन्नाचा हिशेब करताना हे विसरले जाते. उलट स्वतः राहायला आलात, तर सवलतीसाठी पीटी-३ अर्ज भरावा लागतो, ती आपोआप लागू होईल असे धरू नये.

आम्ही परदेशात असतो. पेठेत एक लहान घर ठेवावेसे वाटते. काय करावे लागेल?

अनिवासी भारतीयांना आणि ओसीआय कार्डधारकांना (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना) निवासी घर घेता येते. शेतजमीन घेता येत नाही. प्रत्यक्ष येता येत नसेल, तर भावाच्या किंवा बहिणीच्या नावे केवळ याच व्यवहारापुरते मुखत्यारपत्र करावे, ते तेथील भारतीय दूतावासात साक्षांकित करून घ्यावे आणि येथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. विकणारा अनिवासी असेल, तर करकपातीचा नियम पूर्ण वेगळा आहे आणि ५० लाखांची मर्यादा तेथे लागू नाही. हे काम सनदी लेखापालाकडूनच करून घ्यावे. बंद घराची जुन्या इमारतीत फार लवकर दुर्दशा होते. किल्ली देण्याजोगे माणूस त्याच गल्लीत नसेल, तर ओढ कितीही असली तरी थांबलेले बरे.

ताबा घेताना काय पाहावे?

दस्त नोंदवण्याच्या दिवशीच, शक्यतो दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाण्यापूर्वी, घरात एकदा पुन्हा जावे. महावितरणच्या मीटरचा आकडा टिपून त्याचा फोटो घ्यावा, मीटर त्याच घराचा आहे ना हे मुख्य बटण बंद करून पाहावे. जुन्या इमारतीत जिन्याखालच्या फळीवर दहा मीटर असतात आणि त्यांवरची नावे दोन पिढ्यांपूर्वीची असतात. मिळकतकर, वीज आणि सामाईक खर्च यांची थकबाकी नसल्याचे लेखी घ्यावे. मूळ दस्त हातात पडेपर्यंत शेवटचा धनादेश देऊ नये.

आणि जिना मोजावा. माझे लोखंडी कपाट साडेसहा फुटी होते आणि जिन्याच्या वळणावर अडले. हमालांनी ते तासभर फिरवून पाहिले, शेवटी वरच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी दाराआडून सांगितले की, या इमारतीत कपाटे गॅलरीतून दोर लावून चढवतात आणि दोर तळमजल्याच्या दुकानात मिळतो.